मनुबाईचा मोठेपणा

ठाकुर्लीच्या मच्छीबाजारात मनुबाईचं नाव आदराने घेतलं जायचं. तिचं मंगळसूत्र ओढून पळणाऱ्या भावेशला लोकांनी धरलं होतं, आणि कोर्टात तिनेच हात जोडले होते, "साहेब, लहान आहे, सोडा त्याला." एकोणीस वर्षांचा मुलगा, पहिलाच गुन्हा. न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडलं.

"काय मन आहे बाईचं!" बाजारात सगळ्या म्हणाल्या. मनुबाईने ते ऐकून घेतलं.

खरं एवढंच होतं, की तिला कोर्टाचे खेटे नको होते. तारखेला गेलं की सकाळची गिऱ्हाइकं दुसरीच्या मासळीच्या पाटीकडे जायची. प्रकरण एकदाचं मिटावं म्हणून ती तसं बोलली. पोराचा चेहराही तिने धड पाहिला नव्हता.

हमीची मुदत संपायच्या आतच भावेशने आणखी दोघींच्या साखळ्या ओढल्या. त्यातली माधवी डोंबिवलीत शिकवण्या घ्यायची. ती स्कूटरवरून पडून फरफटली आणि तिचा उजवा हात कायमचा अधू झाला. हे कळल्यापासून मनुबाईला जेवण गोड लागेना.

निकालाच्या दिवशी कुणी न बोलावता ती कल्याणच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसली. दोन्ही नव्या गुन्ह्यांची शिक्षा झाली, हमी मोडली म्हणून जुन्याचीही झाली. तिन्ही एकत्रच भोगू द्याव्यात, अशी भावेशच्या वकिलाने विनंती केली.

"नाही," न्यायाधीश म्हणाले. "सुधारायला सोडलं होतं, तेव्हाच याने हे केलं. एक शिक्षा संपली की दुसरी सुरू होईल."

पोलीस भावेशला व्हरांड्यातून नेत होते. मनुबाई दिसताच तो थबकला.

"मावशी, घरच्यांनी पण माझं नाव टाकलेलं. तू एकटीच माझ्यासाठी बोललेलीस. तुला मान खाली घालायला लावली गं मी."

तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, मी तुझ्यासाठी नव्हते बोलले. पण तोंडून निघालं, "जा बाबा." पोलिसाने त्याला पुढे ओढलं.

जिन्यात माधवी डाव्या हाताने पर्स आणि जड पिशवी सांभाळत उतरत होती. मनुबाईने पुढे होऊन पिशवी घेतली. दोघी रिक्षापर्यंत आल्या.

"थँक्यू हं. तुमची पण केस होती का?"

"याच भावेशची. पहिली मी." मनुबाई म्हणाली. "मीच साहेबांना बोललेली, सोडा म्हणून. दया नव्हती त्यात. माझा धंदा बुडत होता."

 माधवीने डावा हात पुढे करून पिशवी परत घेतली आणि रिक्षात बसली.

"रामनगर," ती रिक्षावाल्याला म्हणाली.

रिक्षा वळून दिसेनाशी झाली, तरी मनुबाई तिथेच उन्हात उभी होती.