तांबळीचे दोन काठ आणि मी

मित्रांनो, माझे एक टोक सातारा जिल्ह्यात आहे आणि दुसरे सांगली जिल्ह्यात. मी तांबळी नदीवरचा म्हातारा दगडी बंधारा. तांबळी ही काही मोठी नदी नव्हे. डोंगरातून निघते, चार-पाच शिवारांतून वळणे घेत येते आणि पुढे येरळेला मिळते. पण तिच्या खोऱ्यातल्या माणसांना तिच्याखेरीज दुसरी नदी नाही.

मला कुणा एकाने बांधले नाही. समोरच्या डोंगरातला काळा दगड फोडून लोकांनी तो गाड्यांतून आणि डोक्यावरून आणला. बैल फिरवून घाण्यात चुना मळला. दक्षिण काठावरच्या तांबळवाडीचे शेतकरी, उत्तर काठावरच्या वस्तीतली माणसे आणि डोंगराच्या कुशीतले धनगर, अशा सगळ्यांचा घाम त्या चुन्यात आहे. माझ्या पायाशी त्यांनी एक मोरी ठेवली आणि तिला जाड लाकडी फळ्या बसवल्या. पूर आला की फळ्या उचलायच्या, म्हणजे गाळ वाहून जातो. पूर ओसरला की पुन्हा बसवायच्या, म्हणजे पाणी साठते. माझे सारे आयुष्य या एका कामावर अवलंबून होते.

ते दिवस भरलेले होते. माझ्या वरच्या अंगाला खोल डोह होता. दोन्ही काठांवर करंज आणि वाळुंज दाटीने उभे होते आणि त्यांच्या मुळांनी माती घट्ट धरून ठेवली होती. डोंगरावर गुडघाभर गवत वाढे. दसऱ्यापर्यंत त्या गवतात जनावर घालायचे नाही, काठाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, मासे विणीला असताना डोहात जाळे टाकायचे नाही, असा खोऱ्याचा रिवाज होता. परगावचे पाहुणे आले की तांबळवाडीची माणसे त्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत.

पण मित्रांनो, त्या कौतुकात एक गोष्ट कुणी बोलत नसे. फळ्या उचलायचे काम उत्तर काठावरच्या वस्तीच्या माथी होते. गाव तेव्हा त्या वस्तीला महारवाडा म्हणे. तिथला केरू कमरेला दोर बांधून भर पुरात माझ्या अंगावर उतरे. सांगावा आला की त्याने निघायचे, नाही म्हणायची सोय नव्हती. आणि त्याच केरूची बायको पारूबाई पाण्याला आली की माझ्या खालच्या अंगाला थांबे, कारण वरच्या डोहात घागर बुडवायची तिला मनाई होती. माझा पाट तांबळवाडीच्या रानांत खेळे. उत्तर काठाला पाट काढलेलाच नव्हता.

१९५६ नंतर त्या वस्तीने बौद्ध धर्म स्वीकारला आणि गावकीची कामे सोडून दिली. पुढच्या पावसाळ्यात पाटलांचा माणूस सांगावा घेऊन आला, तेव्हा केरू माझ्या उत्तर टोकाशी उभा होता. त्याने आवाज न चढवता सांगितले की आता सांगाव्यावर इथून कुणी येणार नाही. त्याच्या बोलण्यात काही चूक नव्हती. गावाने मग स्वतः फळ्या उचलायला हव्या होत्या, नाहीतर वस्तीत जाऊन नीट विचारायला हवे होते. गावाने दोन्ही केले नाही. फळ्या पाण्यात फुगत राहिल्या आणि माझ्या पोटाशी गाळ साचू लागला.

त्याच सुमाराला आणखी एक बदल झाला. मी बांधला गेलो तेव्हा दोन्ही काठ सातारा जिल्ह्यातच होते. पुढे जिल्ह्याची वाटणी झाली आणि १९६० साली दक्षिणेकडच्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. हद्द नेमकी माझ्या पाठीवरून गेली. एका काठाची माणसे कागदोपत्री दुसऱ्या काठाला परकी झाली.

मग कोळशाचा एक ठेकेदार आला. डोंगराचे कुरण खोऱ्यातल्या सगळ्यांचे होते, पण तांबळवाडीच्या चार मोठ्या माणसांनी परस्पर होकार दिला. भट्ट्या पेटल्या आणि दिवसचे दिवस डोंगरावर धूर राहिला. ठेकेदाराने झाडे नेली, आणि तो नेतोच आहे तर आपण का मागे राहायचे म्हणून लोकांनीही कुऱ्हाडी काढल्या. काठाचे करंजसुद्धा राहिले नाहीत. धुळा धनगर मेंढ्या पाजायला माझ्याकडे येई. डोंगर बोडका झाला तर मेंढरे कुठे न्यायची, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी. कुणी उत्तर देईना, तेव्हा त्यानेही उरलेल्या गवतात बारमाही मेंढ्या घातल्या. रिवाज मोडला की तो एकट्यापुरता मोडत नाही.

१९६४ च्या भादव्यात, एका सकाळी, तांबळी तांबडी होऊन आली. इतकी माती मी तिच्यात कधी पाहिली नव्हती. पलटणीतून नुकताच पेन्शनीवर आलेला मानसिंग तांबळवाडीतले गडी घेऊन मोरीपाशी धावला. त्यांनी पहारी लावल्या, दोर लावले, पण गाळात रुतलेल्या फळ्या तसूभर हलल्या नाहीत. पाण्याला वाट मिळेना. उत्तर काठावर आता झाडांची मुळे नव्हती. काठ आधी खचला, मग एकदम फुटला, आणि नदी मला वळसा घालून निघाली.

त्या वाटेत धुळ्याचा मेंढरे कोंडायचा वाडगा होता. निम्मी मेंढरे त्याच्या डोळ्यांसमोर वाहून गेली. त्याच वाटेत केरूचे रानही होते. त्या वर्षी त्यात पहिल्यांदा भुईमूग धरला होता. पाणी ओसरले तेव्हा तिथे पांढरे खडक उघडे पडले होते. माती कुठे गेली ते विचारायला जागाच नव्हती. आणि मी, मित्रांनो, कोरडा उभा होतो. पाणी अडवायला बांधलेल्या माझ्या अंगावरून थेंब वाहत नव्हता. डोह वाळूने भरला. तांबळवाडीचा पाटही आटला.

नंतरचे दिवस पुरापेक्षा वाईट होते. तांबळवाडी म्हणे, वस्तीने फळ्या उचलल्या नाहीत म्हणून हे झाले. वस्ती म्हणे, गावाने डोंगर विकला म्हणून झाले. आणि दोघेही म्हणत, धुळ्याच्या मेंढ्यांनी गवत खाल्ले म्हणून झाले. मानसिंग कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आला. एकीकडे त्याला सांगितले की तुमचे गाव आमच्या जिल्ह्यात नाही. दुसरीकडे सांगितले की फुटलेला काठ आमच्या जिल्ह्यात नाही. केरू माधवनगरच्या गिरणीत कामाला गेला, कारण खडकात काही पिकत नाही. जाताना तो माझ्या पाठीवरून गेला. पारूबाई टोकापर्यंत पोचवायला आली होती.

पुढच्या वर्षी पाऊसही ओढला. विहिरी खाली गेल्या. त्या उन्हाळ्यात मानसिंगची आई बनुबाई काठी टेकत माझ्या पाठीवरून उत्तर काठाला आली. अख्ख्या आयुष्यात ती त्या काठाला आली नव्हती. फुटक्या टोकाशी पारूबाई वाळूत झरा उकरून वाटीवाटीने पाणी भरत होती. बनुबाई तिच्याशेजारी वाळूतच बसली आणि तिने पाणी मागितले.

पारूबाईचा हात थांबला. "माझ्या हातचं चालंल?"

"मागाय आलीया न्हवं," बनुबाई म्हणाली.

पारूबाईने वाटी दिली आणि म्हातारी ते पाणी प्यायली. मग दोघींत बराच वेळ बोलणे झाले. तक्रारी पारूबाईने केल्या आणि बनुबाईने त्या ऐकून घेतल्या, मध्ये एकदाही 'पण' म्हटले नाही. उठताना ती म्हणाली, "हे समदं उद्या मानसिंगाला सांग. मी त्याला हितंच धाडते."

फुटलेला काठ पुन्हा कसा भरायचा ते ठरवायला दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाठीवर माणसे जमली. दक्षिणेकडून मानसिंग, बनुबाई आणि गावातली वडीलधारी मंडळी आली, उत्तरेकडून पारूबाई, वस्तीतले लोक आणि धुळा. मानसिंगने सुरुवातच चुकीची केली. फळ्यांचे काम आधीपासून वस्तीकडेच होते, तेवढे तुम्ही पुन्हा अंगावर घ्या, असे तो म्हणू लागला.

पारूबाईने त्याला बोलू दिले. मग ती म्हणाली, "मानसिंगराव, काम आमी करतो. पन आमी एकट्यानं न्हाई. पाळी लावा, आन ती तुमच्या घरापासनं सुरू करा. माझी घागर वरच्या डोहात बुडंल. आन उत्तरंला बी पाट निघंल. ह्यातलं एक बी कमी पडलं तर आमी न्हाई."

वडीलधाऱ्यांतले दोघे-तिघे उठले आणि धोतर झटकून निघून गेले. मानसिंग जागचा उठला नाही. काठ टिकायला डोंगरही चराईला आणि कुऱ्हाडीला बंद ठेवावा लागणार होता, म्हणून मग धुळा बोलला. डोंगर बंद करायचा तर त्याने उरलेली मेंढरे काय दगडावर चारायची, हे त्यालाही समजायला हवे होते.

मानसिंग म्हणाला, "काढणी झाली की आमच्या रानात मेंढरं बसवा. चारा तुमच्या मेंढरांला, खत आमच्या रानाला." आणि मग तो पारूबाईकडे वळला. "पारूबाई, तुमी म्हनता तसं हू द्या."

मानसिंगच्या घरातल्या कुणीही तिला आजवर 'पारे' याशिवाय हाक मारली नव्हती. माझ्या पाठीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ऐकू आले.

बोलणे पक्के करायची वेळ आली तेव्हा पुन्हा अडले. शपथ म्हणून धुळ्याने म्हसवडच्या सिद्धनाथाच्या नावाने भंडारा उचलला. मानसिंगनेही उचलला. पारूबाईने हात पुढे केला नाही. "आमी आता भंडारा उचलत न्हाई," ती म्हणाली. "आमचा शबुद हाय." मागून कुणीतरी कुरकुरले. बनुबाईने वळून बघितले आणि कुरकूर थांबली. तिचा शब्द धरला गेला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की इथून सगळे सुरळीत झाले. तसे झाले नाही. फुटलेला काठ भरायला एक उन्हाळा पुरला नाही. दोन्ही जिल्ह्यांतली माणसे पाटीला पाटी लावून माती टाकत होती, तरी दुपारी भाकरी खायला दोन जागी बसत. पारूबाईने वरच्या डोहात घागर बुडवली त्या दिवसापासून तांबळवाडीतली काही घरे माझ्याकडे पाण्याला येईनाशी झाली. त्यांतली काही अजूनही येत नाहीत. मेंढरे रानात बसवायला दोघांनी ऐन वेळी नकार दिला, आणि त्या वर्षी धुळ्याला कळप घेऊन फार लांब जावे लागले.

डोंगरावर कुऱ्हाड बंद झाल्यावर पहिला सापडला तो मानसिंगचा चुलतभाऊ बाळासो. कोवळे करंज तोडून त्याने गाडी भरली होती. धुळ्याने गाडी अडवली आणि सरळ माझ्यापाशी आणली. सगळे मानसिंगच्या तोंडाकडे बघत होते. इथे त्याने भावाला पाठीशी घातले असते तर माझ्या पाठीवर झालेले सगळे बोलणे वाया गेले असते. त्याने बाळासोला सांगितले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत डोंगराची राखण तू करायची, धुळ्याच्या जोडीने. बाळासो संतापून गेला. त्याच्या घराने मानसिंगच्या घरी जाणे-येणे तोडले, ते अजून जुळलेले नाही. पण बाळासो राखणीला गेला.

मग हळूहळू फरक दिसू लागला. मोरीच्या फळ्या नव्या बसल्या आणि पहिल्या पाळीला मानसिंग स्वतः दोर बांधून उतरला. डोंगरावर गवत आले, गुडघाभर नाही, घोट्याएवढे. पण पुराचे पाणी पहिल्यासारखे तांबडे राहिले नाही. उत्तरेचा पाट निघाला. पारूबाईच्या रानातल्या खडकावर गाळाची माती अंथरून तिने त्यात थोडी मटकी केली. केरू मात्र माधवनगरलाच आहे. सणाला येतो, रान बघतो आणि परत जातो. दर वर्षी पावसाळ्याआधी दोन्ही काठांची माणसे माझ्या पाठीवर जमतात, भांडतात आणि पाळ्या ठरवून उठतात. बनुबाई आता त्यांत नाही.

हे सगळे नुकते सुरू झाले होते तेव्हा, १९६७ च्या डिसेंबरात एका पहाटे, कोयनेकडे मोठा भूकंप झाला. तिकडे माणसे गेली, घरे पडली. आमच्याकडे जमीन गदागदा हलली आणि माझ्या अंगात वरपासून खालपर्यंत एक भेग गेली. तिच्यातून पाणी झिरपू लागले. मी उभा होतो, पण मला माझाच भरवसा वाटत नव्हता.

उजाडले तसे दक्षिणेकडून कोणी येताना दिसले. उत्तरेकडूनही कोणी येत होते. त्या सकाळी कुणी कुणाला सांगावा धाडला नव्हता. मानसिंग आला, पारूबाई आली, धुळा आला, आणि त्यांच्या मागून बाळासोही आला. पारूबाईने भेगेत बोटे घालून पाणी किती येते ते पाहिले. ती म्हणाली की चुना लागेल. मानसिंग चुना आणायला गाडी जुंपायला गेला. बाकीचे तिथेच थांबले, आणि कुणीतरी भाकरी सोडली तेव्हा सगळे एकाच जागी बसले.

ती भेग त्यांनी बुजवली. पण उन्हाळ्यात चुना तडकतो आणि पाणी पुन्हा झिरपू लागते. दर वर्षी ती नव्याने बुजवावी लागते. म्हणून, मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. तांबळीच्या बाजूला कधी आलात तर नुसते पाणी बघून परत जाऊ नका. माझ्या पाठीवरून पलीकडच्या काठाला जा, तिथल्या माणसांची नावे विचारा, आणि भेग बुजवायचे काम चालू असेल तर एक पाटी तुम्हीही उचला.