एकोणिसावा सेल

धम्मदीपनं मीटरच्या दोन्ही सुया सेलच्या टोकांना टेकवल्या आणि आकडा मोठ्यानं सांगितला.

"बारावा. सात पॉइंट आठ."

प्रियदर्शनीनं हेडलाइटच्या बल्बचे चिमटे काढून पुढच्या सेलला लावले. बल्ब पिवळा पेटला. दोन मिनिटं तो जळत ठेवायचा, तेवढ्या ओढीनं सेल किती उतरतो ते मोजायचं, लिहायचं आणि पुढं सरकायचं. किसनरावांच्या हायब्रिड गाडीची बॅटरी राजापेठेतल्या दुकानाच्या टेबलावर उघडी पडली होती. चपटे अठ्ठावीस सेल ओळीनं लावलेले. मेलेले शोधून त्यांच्या जागी जोडीचे चांगले बसवले, की गाडी आणखी चार वर्षं पळणार होती.

दुकान धम्मदीप बावीस वर्षं चालवत होता. धाकट्या बहिणीला, प्रियदर्शनीला, मीटर धरायला त्यानंच शिकवलं होतं. मग ती डिप्लोमा झाली, पुण्याला जाऊन या नव्या बॅटऱ्यांचं काम शिकून आली आणि महिन्याभरात गिऱ्हाइकं दारातूनच विचारायला लागली, "ताई आहेत का?" सकाळी अकोल्याहून आलेल्या किसनरावांनीही तेच विचारलं. पंधरा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक! वर हसून म्हणाले,

"धम्मदीप, तुह्या पाण्याच्या बॅटऱ्यायचे दिवस गेले गड्या. आता ताईच्या हातात देऊन टाक सारं."

धम्मदीप हसला खरा, पण आतून तो जळत होता. सख्ख्या बहिणीवर जळतो याची त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटून जळणं काही कमी व्हायचं नाही.

एकोणिसाव्या सेलला बल्ब मंदावला. मीटरवर सहा पॉइंट तीन. मेलेलाच सेल. प्रियदर्शनी मोबाइलवरची वेळ बघत होती. धम्मदीपच्या डोळ्यांपुढं आलं, महिन्याभरानं गाडीत लाल दिवा लागलाय, किसनराव तणतणत दुकानात शिरलेत आणि ताईला नाही, त्याला शोधताहेत.

"एकोणिसावा," तो म्हणाला. "सात पॉइंट सात."

आणि तसंच लिहिलं.

अठ्ठाविसावा झाल्यावर तो जेवायला घरी गेला. ताटातली भाकरी तशीच राहिली. दुकानाकडं पाय वळेनात, म्हणून परतायला त्यानं मुद्दाम चार वाजवले. तोवर बॅटरी गाडीत बसली होती. प्रियदर्शनी रबरी हातमोजे काढत होती आणि किसनराव स्टीअरिंगवर बसून लहान पोरासारखे खूश होते.

"आवाज बी येत नाही लेका! उद्या नातीले आणाले नागपूरले जातो याच गाडीनं."

नातीचं नाव ऐकलं आणि धम्मदीपचा हात गाडीच्या दारावर गेला.

"काका, थांबा जरा. निघू नका." मग बहिणीकडं वळून, खालच्या आवाजात, "प्रिया, तो एकोणिसावा..."

"बदलला," ती म्हणाली. आणि मोठ्यानं, "काका, निघा तुमी. बिनघोर जा."

गाडी गर्दीत शिरून दिसेनाशी झाली.

"कवा बदलला?"

"तू जेवाले गेलता तवा. बल्ब माह्या डोयापुढंच मंदावला होता, दादा."

"मंग तवाच बोलली काहून नाही?"

"तू सांगशीन, म्हणून वाट पाहून राहिली होती."

धम्मदीप स्टुलावर बसला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. सांगितलं तर होतं त्यानं, उशिरा का होईना. बहीणही रागावली नव्हती, उलट तिनं त्याच्यापुढं पाण्याचा गिलास ठेवला. त्यानं तो एका दमात संपवला.

"तेवढा एकच होता वं," तो म्हणाला. "बाकीचे सत्तावीस मी बरोबर लिहिले."

"माहीत आहे." ती पाने-पकडी पुसून पेटीत ठेवत होती. "सारे पुन्हा मोजले मी."