हातात न दिलेला माइक

माझ्यातून आजवर सगळे बोलून गेले. आज मी, हा माइक, माझं स्वतःचं बोलतोय. घाबरत बोलतोय, पण बोलतोय.

पलासियाच्या एका दुकानातून मला तुकोगंजच्या एका समाजसेवी संस्थेत आणलं. तिथे भाषणं फार. प्रमुख मधुवंतीताई मला घेऊन बोलायला लागल्या की थांबत नसत. पाहुणे तर मला तोंडात घालायचंच बाकी ठेवत! थुंकी उडायची, पण कुणी चकार शब्द काढत नसे.

सफाई कामगारांच्या वस्तीतल्या बायका बोलायला उठल्या, की मात्र नचिकेत, तिथला कार्यकर्ता, मला त्यांच्या तोंडापुढे धरायचा. हातात द्यायचा नाही. नंतर स्पिरिटनं पुसायचा. पाहुण्यांनंतर कधीच नाही. माणसांना वाटतं, वस्तूंना काय कळतंय! सगळं कळतं.

परवा संस्थेनं शपथ घेतली. जातिभेद मोडायचा, सुरुवात स्वतःपासून. मोठा बॅनर लागला. ताई म्हणाल्या, "आपलं काय चुकतं, बिनधास्त सांगा."

पलक उठली. त्याच वस्तीतली मुलगी, संस्थेचा शिवणवर्ग तीच चालवते. नचिकेतनं सवयीनं मला तिच्यापुढे धरलं.

"नचिकेत भिया, हातात द्या ना."

"अगं, तू बोल ना. नाजूक आहे तो, पडेल."

"पाहुण्यांच्या हातून नाही पडत? उनके हाथ में गोंद लगा है क्या?"

हशा पिकला. ताई हसल्या नाहीत. "दे रे तिला."

तिचा तळवा घामानं ओला. नोकरी कच्ची, घर तिच्यावर. मला धास्ती, मी खरखरलो तर? कुणी बटण बंद केलं तर?

"ताई, आमच्यानंतर ह्याला पुसायला कोणी सांगितलं?"

मग तिनं मला ताईंपुढे केलं. मी घामेजलेला होतो. ताईंनी मला तसंच हातात घेतलं.

"मीच सांगितलं होतं."

आवाज इतका बारीक, की मलाही कान टवकारावे लागले.

आता आत संस्थेची समिती बसलीय. पलकला कामावर ठेवायचं की काढायचं, ते ठरतंय. दार बंद. ती बाहेर बाकावर, मी तिच्या मांडीवर, वायर काढलेला. माझ्याशिवाय ज्यांना दोन शब्द बोलवत नव्हते, ते आज कुजबुजताहेत. त्या कुजबुजीचीच मला भीती वाटते.

अहो आतल्या लोकांनो, शपथ सगळ्यांसमोर घेतलीत ना? मग दार उघडा. जे बोलायचं ते हिच्यासमोर बोला.