गाडी स्लोवर थांबत नाही

आमची गाडी फक्त परीक्षेच्या दिवशीच बंद पडते, असं मी सांगितलं तेव्हा घरातले दोन्ही पुरुष हसले. एक माझा नवरा आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ. दोघांचं हसणं इतकं सारखं आहे, की एकच माणूस दोनदा हसल्यासारखं वाटतं आणि राग दुप्पट येतो.

"अगं, आज परीक्षा आहे हे गाडीला कसं कळणार?" नवरा म्हणाला.

"वहिनी, क्लच सोडताना तुमचा हात थरथरतो, बाकी काही नाही," दीर म्हणाला.

माझा हात थरथरतो! सव्वीस वर्षं मी शिवणकाम करते आहे. वीज गेलेली असताना काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने काजं केलीत या हाताने. पण मी गप्प बसले, कारण घड्याळात सात वाजले होते आणि अकरा वाजता मैदानावर हजर व्हायचं होतं.

मोटारसायकलच्या परवान्याची परीक्षा मी दोनदा दिली होती आणि दोनदा नापास झाले होते. मैदानात पांढऱ्या पट्ट्यांनी मोठा आठ काढलेला असतो. पाय न टेकता त्यावरून गाडी न्यायची, शेवटी रेषेवर इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, एवढंच काम. दोन्ही वेळा आठाच्या दुसऱ्या गोलात गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. मी पाय टेकला, परीक्षक साहेबांनी फुली मारली. आज तिसरी वेळ होती आणि माझ्या शिकाऊ परवान्याची मुदत आजच संपत होती. आज जमलं नाही तर पुन्हा अर्ज, पुन्हा लेखी, पुन्हा सगळं पहिल्यापासून. ते मी करणार नव्हते. एकोणपन्नासाव्या वर्षी असली उकळी एकदाच फुटते, आणि मी स्वतःला चांगली ओळखते.

तुला गाडी हवीय कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालं होतं. मी हॉस्पिटलचे गणवेश शिवते. चाळीस-चाळीस जोड्यांचे गठ्ठे पोचवायचे, दोरे आणि बटणं आणायला घाऊक बाजारात जायचं, आणि दर वेळी नवऱ्याच्या मागे बसायचं. नवरा वाचनालयात कामाला. स्वभावाने गरीब, पण रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की गाडी थांबवतो, आणि ओळखीचं नसलं तर ओळख काढतो. तोवर मी मांडीवर गठ्ठा घेऊन मागे. तेवीस वर्षं मी या माणसाची पाठ बघते आहे. शर्टही मीच शिवलेला, त्यामुळे बघायला तिथेही नवीन काही नाही.

तर सात वाजता अंगणात गाडी काढली. गाडी जुनीच, पण टाकीवरचं कव्हर नवं. मी शिकायला लागले त्याच आठवड्यात ते शिवलं होतं. लाल रेक्झिन, आतून जाड फोम, दुहेरी शिलाई, आणि पेट्रोलच्या झाकणावर इलॅस्टिक लावलेली वेगळी टोपी, इतकी घट्ट की थेंबभर पाणी आत जाणार नाही. गल्लीतल्या तिघांनी गाडी थांबवून विचारलं होतं, कुठून घेतलंत म्हणून. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने टाकी गळ्यापर्यंत भरून आणली होती. परीक्षेला उपाशीपोटी जायचं नाही, हा त्याचा नियम माणसांइतकाच गाडीलाही लागू.

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. चार मिनिटं चालली, मग तिचा आवाज बारीक होत गेला आणि बंद.

दीर बाह्या सरसावून पुढे आला. तो फ्रिज दुरुस्त करतो. कुठलंही यंत्र असो, त्याला आधी फ्रिजच दिसतो. त्याने टाकीला कान लावला, मान हलवली आणि प्लग काढला. माझ्या शिलाई मशीनच्या ब्रशने तो घासला, फुंकला, परत बसवला. नवऱ्याने किक मारली. काही नाही. मग नवऱ्याने टोपी सरकवली, झाकण उघडून टाकीत डोकावला, "पेट्रोल तर आहे," म्हणाला आणि झाकण लावून टोपी नीट बसवली. पुन्हा किक. गाडी सुरू!

"बघा! प्लगच होता," दीर म्हणाला.

पाच मिनिटांनी गाडी बंद.

आता नवऱ्याची पाळी. त्याने वाचनालयातून 'इंजिनाची निगा' अशा काहीतरी नावाचं पुस्तक आणलं होतं. ते डाव्या हातात, स्क्रू ड्रायव्हर उजव्या हातात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "गाडी स्लोवर थांबत नसेल, म्हणजे रेस न देता चालू राहत नसेल, तर स्क्रू दीड फेरा आवळावा," त्याने मोठ्याने वाचलं आणि दीड फेरा आवळला. किक मारली, काही नाही. टाकीत डोकावला, झाकण लावलं, किक मारली. सुरू!

"बघितलंस? स्लोचा स्क्रू!" तो म्हणाला.

बंद.

मग दोघांनी मिळून कार्बोरेटर खोलला. कुठे खोलला असेल? माझ्या कापणीच्या टेबलावर. त्यावर हॉस्पिटलचं हिरवं कापड अंथरलेलं, खडूने चाळीस सदरे आखलेले. मी ओरडले तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, ऑपरेशनचंच कापड आहे ना? मग ऑपरेशनच चाललंय." मी हातातली कात्री खाली ठेवली, कारण मला माझाच भरवसा वाटेना. कार्बोरेटर पुसून बसवला, नवऱ्याने सवयीने टाकीत बघून घेतलं, किक मारली आणि गाडी अशी काही सुरू झाली की दोघांनी एकमेकांना टाळी दिली. मग नक्की कुणाच्या हाताने गुण आला यावर वाद सुरू झाला. प्लगवाला एकीकडे, स्क्रूवाला दुसरीकडे. वाद इतका रंगला की मागे गाडी कधी बंद पडली ते त्यांना कळलंच नाही.

दहा वाजता निकाल लागला. दोन भावांनी तीन वेळा दुरुस्त केलेली गाडी बंद पडते, म्हणजे दोष गाडीत असूच शकत नाही. दोष माझ्या हातात. पुरावाही होता. एरवी सरावाला मी गाडी नेते तेव्हा ती बऱ्यापैकी चालते. परीक्षेच्या दिवशीच बंद पडते, म्हणजे मी घाबरते.

"हे बघ," नवरा मऊ आवाजात म्हणाला, "नाही झालं तर नाही. मी आहे ना? जन्मभर नेईन तुला."

भांडला असता तर बरं झालं असतं. तो प्रेमाने बोलला म्हणूनच मला जास्त लागलं. आत जाऊन मी माझा हात उजेडात धरून बघितला. थरथरत नव्हता. पण या क्षणी थरथरत नाही यावरून काय ठरतं? खरंच माझाच हात असेल तर, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

नवऱ्याने एकदा टाकीत बघून गाडी सुरू केली आणि आम्ही निघालो. दीर हत्यारांची पिशवी घेऊन मागून सायकलवर. मैदानाच्या फाटकातच गाडी बंद पडली, आम्ही ती ढकलत आत नेली. परीक्षक साहेब प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला नाही, पण हात तिथपर्यंत गेला होता.

"परत तुम्ही?"

"परत मी," मी म्हटलं.

"गाडी तरी चालू आहे का?"

"होईल."

"माझी अजून चार माणसं आहेत. ती होईपर्यंत झाली तर झाली. नाहीतर मी फुली मारून घरी जाणार, आणि तुमची मुदत तर आज संपतेय."

दोघं भाऊ लगेच गाडीवर तुटून पडले. दीर म्हणे बॅटरी, नवरा पुस्तकाचं पुढचं प्रकरण काढून बसला. पहिला मुलगा आठावर निघालासुद्धा. मग मात्र माझी सटकली.

"बाजूला व्हा दोघं. पाने-पक्कड खाली ठेवा."

कपडा अंगाला बसत नाही म्हणून गिऱ्हाईक परत आलं, की ते काय सांगतं त्याकडे मी लक्ष देत नाही. मी त्याला कपडा पुन्हा घालायला लावते आणि पहिल्या बटणापासून बघते.

"सकाळपासून तीन वेळा दुरुस्तीनंतर गाडी सुरू झाली," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी काय काय केलंत? क्रमाने सांगा. काही गाळायचं नाही."

"प्लग साफ केला, किक मारली," नवरा म्हणाला.

"तेव्हा नाही सुरू झाली."

"हो. मग टाकीत बघितलं, परत किक मारली."

"स्क्रूच्या वेळी?"

"स्क्रू आवळला, किक, मग टाकीत बघितलं, किक."

"कार्बोरेटरच्या वेळी?"

"कार्बोरेटर बसवला, टाकीत..." तो थांबला. "अगं, ती नुसती सवय आहे माझी."

मी टोपी मागे सरकवली आणि झाकण फिरवलं. फुस्स! कुणीतरी मघापासून दम कोंडून धरावा आणि एकदम सोडावा, तसा आवाज आला. मी झाकण उलटंसुलटं करून बघितलं. वरच्या बाजूला सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं. त्याच्यावर बरोबर माझा फोम, आणि फोमवर माझं इलॅस्टिक.

"व्हॅक्यूम!" दीर जवळजवळ नाचलाच. "वहिनी, टाकीत हवाच जात नाहीये! हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल खाली कसं येणार? आणि टाकी भरलेली असली की वर हवेला जागाच नाही, मग दोन-चार मिनिटांत कोंडणार!"

म्हणजे सरावाला अर्धी टाकी असायची, म्हणून गाडी तग धरायची. परीक्षेला नवरा प्रेमाने गळ्यापर्यंत भरून आणायचा, म्हणून मरायची. माझा हात थरथरत नव्हता! मला मैदानातच उडी मारावीशी वाटली. आणि त्याच दमात लक्षात आलं, की टोपी याच हाताने शिवली होती.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "शिलाई माझी चुकली."

नवऱ्याने चष्मा काढून पुसला.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"तेवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय. परत एकदा म्हण ना."

पर्समधून दोरा कापायची छोटी कात्री काढून मी टोपी उसवायला घेतली. घट्ट, सुबक, एकसारखे टाके, मलाच कापवेनात. चौथा माणूस आठावर होता. मी डोळे मिटल्यासारखं करून कात्री चालवली आणि टोपी काढून दिराच्या हातात दिली. एक किक. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली.

साहेबांनी माझ्याकडे बघून हात हलवला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तोवर निदान गाडीकडे बोट दाखवता येत होतं. आता गाडीत काही दोष नव्हता. आता चुकलं तर ते मीच चुकणार होते, आणि हे माझ्याइतकंच त्या दोघांनाही कळलं असावं, कारण कुणीच सूचना दिली नाही.

मी आठावर गेले. पहिला गोल. मधली जागा, जिथे सगळ्यांची चाकं डगमगतात. मग दुसरा गोल, जिथे मी दोनदा मेले होते. मी श्वास धरला होता, गाडीने नाही. ती माझ्या हाताखाली एकसारखी धडधडत होती, चांगलं मशीन चांगल्या कापडावर चालावं तशी. शेवटच्या रेषेवर येऊन थांबले, दोन्ही पाय टेकले. आता इंजिन चालू ठेवून उभं राहायचं. नवरा धावत आला आणि त्याचा हात सवयीने ॲक्सिलरेटरकडे आला. "रेस दे, रेस दे, नाहीतर..."

"हात लावू नका."

त्याने हात मागे घेतला. गाडी स्लोवर थांबली होती, आपली आपण. मी काहीच करत नव्हते. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली, शिक्का शोधला, शिक्क्यावर फुंकर मारली. त्या सगळ्या वेळात ती एकदाही अडखळली नाही.

"पास," साहेब म्हणाले. "आणि आता कृपा करून परत येऊ नका."

कागद पर्समध्ये घातला तेव्हा मला पुढचं धड दिसत नव्हतं, डोळे इतके भरले होते. "बसा," मी नवऱ्याला म्हटलं. मागची सीट दबली. मी गियर टाकला आणि निघाले.

रस्ता मोकळा होता. मला किती सांगू नि किती नको असं झालं होतं. उद्या घाऊक बाजारात जाऊन बटणं आणणार, म्हटलं. गणवेशाचे गठ्ठे मीच पोचवणार. तुम्ही सकाळी निवांत पेपर वाचा. तुमचा स्क्रू मात्र आहे तिथे परत आणून ठेवा. आणि वाईट वाटून घेऊ नका, मला काही तुमच्या मागे बसायचा कंटाळा आलेला नाही. म्हणजे आलाय, पण तुमचा नाही. एवढं सगळं मी बोलले आणि हा माणूस एकदाही मध्ये बोलला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

घरापाशी गाडी थांबवली. "उतरा," म्हणत मागे वळले. सीटवर नवरा नव्हता, दिराने टेकवलेली हत्यारांची पिशवी होती.

मी तिथेच गाडीवर बसून एकटीच हसले, भरपूर हसले. मग पिशवी अंगणात उतरवली, गाडी वळवली आणि नवऱ्याला आणायला निघाले.