शेवंड सोसायटीचं एकमत

आमच्या शेवंड, म्हणजे लॉबस्टर, पकडणाऱ्यांच्या सहकारी सोसायटीत सलग अकरा वर्षं प्रत्येक ठराव सर्वानुमते मंजूर झाला. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण सभेचं इतिवृत्त लिहिणारी मीच. सुरुवातीला प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ हाताने लिहायचे. पुढे त्याचा शिक्काच करून घेतला. तो ठरावही अर्थात सर्वानुमते.

या एकीमागचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. आमचे चेअरमन आणि टाकी सांभाळणारे टेलरमास्तर हे सख्खे साडू, आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. चेअरमनने एखादा विषय मांडला की त्याला विरोध करायचा म्हणजे त्यांच्याकडे बघून तोंड उघडायला हवं. मास्तर खिडकीबाहेर बघत बसत. आणि टाकीचं सगळं जाणणारा माणूसच गप्प म्हटल्यावर बाकीचे कशाला बोलतील? विळ्याभोपळ्याचं सख्य असलं तरी निदान आवाज होतो. इथे नुसतीच शांतता. सभा वीस मिनिटांत संपायची आणि लोक जाळी विणायला घरी जायचे.

अबोला धरला तो पाइपवरून. सोसायटीने टाकी बांधायची ठरवली तेव्हाची गोष्ट. पहाटे होड्या पिंजरे उचलून येतात, शेवंडी माझ्या टेबलावर मापायला येतात, लहान आणि अंडीवाल्या परत समुद्रात जातात, आणि उरलेल्या व्यापाऱ्याची गाडी येईपर्यंत जिवंत ठेवायच्या असतात. मेलेल्या शेवंडीला कोणी विचारत नाही. म्हणून समुद्राचं पाणी सतत खेळतं ठेवणारी टाकी हवी होती. चेअरमनने पाण्याचा पाइप बंदराच्या आतल्या बाजूला टाकायचं सुचवलं. जवळ पडत होतं. मास्तर तेव्हा नुकतेच या धंद्यात आले होते. आधी ते शहरात कपडे शिवायचे. चेअरमनच्या बायकोच्या धाकट्या बहिणीशी लग्न झाल्यावर इकडे आले. ते उभे राहून म्हणाले, की आतल्या बाजूला बर्फ कारखान्याचं सांडपाणी येतं, ओहोटीला ते गोडं पाणी आपल्याच टाकीत शिरेल, पाइप पलीकडे खडकांपाशी न्यावा. ते किती फूट होईल हेही त्यांनी सांगितलं.

चेअरमन हसून म्हणाले, “आमचे साडू आता समुद्रालाही टेप लावायला निघाले.”

सभेत हशा पिकला. मीही हसले होते, खोटं कशाला सांगू. मास्तर खाली बसले. त्या दिवसापासून त्यांनी चेअरमनशी एक शब्द काढला नाही. लोकांना विनोद लक्षात राहिला, पाइप कोणाच्या लक्षात राहिला नाही, आणि तो आतल्या बाजूलाच पडला.

पुढे मास्तर म्हणाले होते तसंच झालं. ओहोटीच्या वेळी पंप चालू राहिला की शेवंडी मलूल व्हायच्या, शेपटी मारायच्या बंद व्हायच्या. टाकीची जबाबदारी तोवर मास्तरांवरच आली होती. त्यांनी तक्रार केली नाही. ओहोटी लागली की ते पंप बंद करायचे, खडकांपाशी जाऊन डबे भरायचे आणि खांद्यावर काठी टाकून दोन-दोन डबे आणून टाकीत ओतायचे. एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी त्या माणसाने इतकं पाणी वाहिलं की त्यात आमची अख्खी सोसायटी पोहली असती.

चेअरमनला हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांचं घर बंदरावरच. ते खिडकीतून बघत आणि आत जात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक ठराव आणला: सोसायटीने ‘सर्वसाधारण वापरासाठी’ चार चाकांची एक ढकलगाडी घ्यावी. सर्वानुमते. गाडी आली, ती थेट टाकीपाशी उभी राहिली आणि दुसऱ्या कोणी तिला कधी हात लावला नाही. तिसऱ्या वर्षी खडकांपर्यंतची वाट सिमेंटची झाली, तीही सर्वसाधारण वापरासाठीच. पाइप हलवायचा विषय मात्र निघाला नाही, कारण तो काढायचा म्हणजे अकरा वर्षांपूर्वीचं हसू गिळावं लागलं असतं. ते गिळण्यापेक्षा वाटेवर सिमेंट ओतणं सोपं गेलं.

दोघांच्या बायका, म्हणजे दोघी बहिणी, रोज संध्याकाळी एकत्र बसायच्या आणि इकडचा निरोप तिकडे पोचवायच्या. दिवसा ते काम माझ्याकडे असायचं. एकाच खोलीत, चार हातांवर बसलेल्या माणसाला ‘गाडी उद्या येणार आहे म्हणावं’ हे मी कितीदा सांगितलं असेल, त्याचा हिशेब नाही.

अशात वरच्या कार्यालयातून पत्र आलं. अकरा वर्षांत एकही मतभेद नोंदलेला नाही अशी ही एकमेव सोसायटी असून, या एकोप्याचं रहस्य समजून घेण्यासाठी एक पाहणी अधिकारी येत आहेत. पत्र वाचून चेअरमन खुर्चीत ताठ बसले. मास्तरांनी ते माझ्या टेबलावरून उचललं, वाचलं, घडी घालून जागेवर ठेवलं आणि टाकीकडे गेले.

अधिकारी बाई चाळिशीच्या, चष्मेवाल्या आणि बऱ्याच मनमिळाऊ निघाल्या. चेअरमननी त्यांना आमच्या इथे मतं वेगळी असली तरी मनं एकच असतात वगैरे सांगितलं. त्यातलं निदान अर्धं खरं होतं. मग त्यांना टाकी दाखवायची ठरलं. नेमकी ओहोटी होती. मास्तर नेहमीप्रमाणे पंप बंद करून खडकांकडे गेले होते. टाकीतलं पाणी स्थिर होतं आणि शोभा काहीच नव्हती. चेअरमनला वाटलं, पाहुण्यांसमोर पाणी उसळताना दिसलं पाहिजे. त्यांनी स्वतःच जाऊन पंप सुरू केला.

पाणी झकास उसळलं. बाईंनी फोटो काढले. दहा मिनिटांनी पाण्याचा रंग बदलला. पंधरा मिनिटांनी शेवंडी तळाशी एकमेकींवर पडल्या आणि त्यांच्या लांब मिशा पाण्याबरोबर नुसत्या हलू लागल्या. दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती. टाकीत आठवड्याभराचा माल होता, बत्तीस होड्यांचा.

मास्तर ढकलगाडी घेऊन परतले ते हे बघायलाच. त्यांनी गाडी सोडली आणि बाह्या वर केल्या. मला त्यांनी क्रेटमध्ये शेवंडी काढायला लावलं. शेवंडीला पाठीवर धरावं लागतं, नाहीतर काटे टोचतात. माझे दोन्ही हात त्यातच अडकले. चेअरमन भिंतीपलीकडे पंपाच्या खोलीत होते. निरोप न्यायला उरल्या फक्त पाहणीवाल्या बाई.

मास्तर शांतपणे त्यांना म्हणाले, “बाई, तिकडे असतील त्यांना सांगा, पंप बंद करा आणि निचऱ्याची झडप अर्धी उघडा.”

बाई धावत गेल्या. पलीकडून चेअरमनने उलट विचारलं, टाकीत किती पाणी आहे म्हणून विचारा. बाई परत आल्या. कमरेइतकं आहे म्हणावं. बाई परत गेल्या. अशा चार खेपा झाल्या. एवढा शिकलेला माणूस एका भिंतीच्या दोन बाजूंमध्ये पळताना मी पहिल्यांदाच पाहिला. पाचव्या खेपेला त्यांना धाप लागली होती, आणि अर्धी की पूर्ण याचा त्यांच्या डोक्यात गोंधळ झाला. त्यांनी पूर्ण सांगितलं. चेअरमनने झडप पूर्ण फिरवली.

पाणी धो धो निघून गेलं. बघता बघता शेवंडी उघड्या पडल्या. मास्तर टाकीत उतरून अंगातला सदरा ओला करून त्यांच्यावर टाकत होते. मी ओरडणार इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

“मास्तर, अर्धी म्हणालास की पूर्ण?”

मास्तर तसेच वाकलेले राहिले. बाईंना यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या हातातली शेवंड मात्र सुटून खाली पडली.

“अर्धी,” मास्तर म्हणाले. “अकरा वर्षं झाली दादा, अजून तुम्ही माझं पूर्ण ऐकून घेत नाही.”

झडप बंद झाली. चेअरमन पंपाच्या खोलीतून बाहेर आले, टाकीच्या कडेला उभे राहिले आणि आतली अवस्था बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ढकलगाडी घेतली आणि खडकांकडे निघाले. दुपारभर ते पिंपं आणत होते आणि मास्तर ओतत होते. तोंडंही चालू होती. पाइपपासून सुरू झालं ते विनोदावर गेलं, विनोदावरून मेव्हणीच्या बाळाच्या बारशाला कोण आलं नव्हतं त्यावर गेलं. धाकटीच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, आजारपणात रोज फळं कोण पाठवायचं, हे मास्तरांना त्या दिवशी कळलं. गाडी आणि सिमेंटची वाट कोणासाठी होती हे त्यांना आधीच कळलेलं होतं, पण चेअरमनच्या तोंडून ते ऐकायचं राहिलं होतं. चेअरमन सहाव्या खेपेला वाटेत बसले आणि म्हणाले, की इतकं लांब आहे हे खिडकीतून कळत नव्हतं.

चौदा शेवंडी गेल्या. बाकी वाचल्या. संध्याकाळी बाई निघताना मी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं, एकमताचं रहस्य काय होतं तेही. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि पिशवीतला फॉर्म काढून मला दाखवला. “भांडणासाठी यात रकाना नाही हो,” त्या म्हणाल्या.

पुढची सभा साडेतीन तास चालली. चेअरमनने उभं राहून ठराव मांडला, की पाइप खडकांपाशी न्यावा, आणि अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी सांगितले होते तितकेच फूट न्यावा. आकडा त्यांना तोंडपाठ होता. सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, विरोध. एवढ्या वर्षांत वाळू सरकली आहे, आता तेवढ्याने भागणार नाही, आणखी दहा फूट लागतील. चेअरमन म्हणाले, म्हणजे मी तुझंच म्हणणं मांडलं तरी तुला चालत नाही. मास्तर म्हणाले, म्हणणं माझं आहे, पण समुद्र माझा नाही. मग जो तो बोलू लागला. ज्या माणसांचा आवाज मी फक्त होडीवर ऐकला होता, ती माणसं खुर्च्या सरकवून बोलली. आमच्या अकरा जणांच्या कमिटीचं मतदान झालं. सात विरुद्ध चार, ठराव मंजूर. शिक्का बाजूला ठेवून मी हाताने लिहिलं, आणि ‘बहुमताने’ हा शब्द खोडून पुन्हा लिहावा लागला, इतकी सवय गेली होती.

पुढच्या दोन सभांमध्ये ते दहा फूटही मिळाले, पण त्यासाठी एकदा मास्तर उठून गेले आणि एकदा चेअरमन. पाइप पडला. आता ओहोटीलाही पंप चालू असतो.

दोन महिन्यांनी मानपत्र आलं. अकरा वर्षांच्या अखंड एकमतासाठी, आदर्श सोसायटी म्हणून. त्याबरोबर दुसरं पत्र: आणखी तीन सोसायट्यांचे लोक आमच्याकडे शिकायला येणार आहेत. मानपत्र सभागृहात लावायचं की नाही, यावर सहा विरुद्ध पाच मतं पडली. ते लावलं आहे, थोडं तिरकं.

परवा चेअरमनची बायको मापाच्या टेबलापाशी येऊन बसली. मी म्हटलं, वहिनी, आता बरं झालं ना, बोलतात दोघं. ती म्हणाली, “अगं, कसलं बरं? रोज संध्याकाळी येऊन बसतात आमच्याकडे. तो म्हणतो पंप जुना झाला, हे म्हणतात चालेल अजून. आम्हा दोघींना आमच्याच घरात तोंड उघडायला जागा नाही.” म्हणून आता त्या दोघी बहिणी संध्याकाळी धक्क्यावर फिरायला जातात. पार टोकापर्यंत जातात, आणि तिथवरही दोघांचा आवाज येतच असला तर आणखी थोडा वेळ बसतात.