फोटोवाल्यांची मंडळी

फोटोवाल्यांचे मित्र फार चांगले होते. वेळेवर यायचे, कधी काही मागायचे नाहीत, आणि आपापसांत भांडलेच तर फोटोवाल्यांना झेपेल एवढंच भांडायचे. उणीव एकच होती. त्यांच्यातला एकही जण अस्तित्वात नव्हता.

याला कारण मुलगी. आई गेल्यापासून ती दर रविवारी परदेशातून फोन करायची, आणि जेवण-औषधं झाली की विचारायची, आज कोणाशी बोललात? फोटोवाले आधी खरं सांगत. एकदा त्यांनी वीज कंपनीच्या फोनवर ज्या रेकॉर्ड केलेल्या बाई बोलतात, त्यांच्याशी झालेल्या संभाषणाची हकिकत सांगितली. मुलगी हसली नाही. तिनं तिकडच्या आपल्या घराची मागची खोली त्यांच्यासाठी रंगवायला काढली.

खोली चांगली होती. फोन सगळीकडे फिरवून तिनं ती कोपऱ्यांसकट दाखवली. पण फोटोवाल्यांना आपलं घर सोडायचं नव्हतं. खाली स्टुडिओ, वर दोन खोल्या. स्टुडिओ बंद झाला तरी पाटी शाबूत होती, आणि पाटीमुळे येणारे-जाणारे अजून "काय फोटोवाले" म्हणत. मुलीच्या गावात ते नुसते कोणाचे तरी वडील होणार होते. म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी सांगून टाकलं, की आमचा चालायला जाणाऱ्यांचा एक गट जमलाय.

थाप मारताना माणसानं हात जरा आखडता घ्यावा. फोटोवाल्यांना ते जमलं नाही. जन्मभर लग्नाचे फोटो काढलेल्या माणसाला फ्रेममध्ये गर्दी असल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी एक बँकवाले जमवले, जे कुठेही गेले की आधी रांग कुठे लागलीय ते बघत. एक डॉक्टरीणबाई आणल्या, त्या सगळ्यांवर डाफरत. आणि एक गृहस्थ आणले, ज्यांचे गुडघे इतके दुखत की मंडळी त्यांना गुडघेच म्हणत. मुलीचा या गुडघ्यांवर फार जीव जडला. त्यांच्या ऑपरेशनची चौकशी तिनं इतक्या कळवळ्यानं केली, की फोटोवाल्यांना ते यशस्वी करावंच लागलं.

मग तिनं फोटो मागितला, सगळ्यांचा एकत्र. एका रविवारी धुकं पडलं. एका रविवारी बँकवाले आले नाहीत. त्यानंतर मोबाइल बिघडला. हे ते त्याच मोबाइलवरून सांगत होते. शेवटी मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, या रविवारी फोटो आला नाही, तर मी तुमचं इकडचं तिकीट काढते."

तेव्हा फोटोवाल्यांनी धबधब्याला जायचं ठरवलं. हिशेब सरळ होता. धबधब्यापाशी रविवारी माणसं असतात, आणि तिथे कोणी कोणाला फोटोत घेतलं तरी का म्हणून कोणी विचारत नाही.

वाट एका अरुंद घळीतून चढत होती. दोन्ही बाजूंना काळे कडे, इतके जवळ, की आकाश फाटक्या चिंधीएवढंच उरलं होतं. खाली ओढा दगडांशी हुज्जत घालत होता. चढ जिथे अगदीच अंगावर आला, तिथे कड्यात लोखंडी साखळ्या ठोकल्या होत्या. साखळी धरायची, पाय चाचपायचा, वर ओढून घ्यायचं, आणि आपण हे का करतोय हा प्रश्न पुढच्या साखळीपर्यंत लांबणीवर टाकायचा. फोटोवाल्यांच्या छातीचा भाता झाला होता.

चढताना माणसाला बोलायला दम नसतो, पण दुसऱ्याची विचारपूस करायला पुरतो. एका जोडप्यानं त्यांना ओलांडताना विचारलं, काका, एकटेच? फोटोवाले म्हणाले, मंडळी मागून येतायत. पुढच्या वळणावर चार-पाच निवृत्त माणसांचा घोळका दम खात बसला होता. त्यांच्या म्होरक्या एक नर्सबाई होत्या. त्यांनीही तेच विचारलं. आता मागून कोणीच येत नव्हतं हे उघड दिसत होतं, म्हणून फोटोवाले म्हणाले, मंडळी पुढे गेलीत. अशा रीतीनं त्यांची मंडळी त्या घळीत दोन्ही बाजूंना पांगली, आणि मधे फोटोवाले तेवढे एकटे राहिले.

वर पोचल्यावर धबधबा एकदम समोर आला. घळ तिथे संपत होती, आणि उंचावरून पाणी असं कोसळत होतं, जसं कोणी त्याला घराबाहेर काढलंय. गार तुषार अंगावर येत होते. फोटोवाले एका दगडावर टेकले. बायको असती तर म्हणाली असती, चष्मा पुसा आधी. त्यांनी चष्मा पुसला. पाणी तसंच पडत राहिलं.

थोड्या वेळानं नर्सबाईंचा घोळका आला. सगळे एकाच हॉस्पिटलातून निवृत्त झालेले. एक उंच गृहस्थ एक्स-रे काढायचे, त्यांची बायको औषधं द्यायची, आणि एक गोल चेहऱ्याचे रुग्णवाहिका चालवायचे. त्यांना फोटो काढायचाच होता. मी काढतो की, असं म्हणत फोटोवाले उठले, आणि खिशातून स्वतःचा मोबाइल काढला. बेत असा होता, की एक-दोन फोटो झाले की आपण हळूच टोकाला जाऊन उभं राहायचं आणि मोबाइल कोणाच्या तरी हातात द्यायचा.

पण माणसं समोर रांगेत उभी राहिली आणि फोटोवाल्यांच्या अंगात त्यांचा धंदा आला.

"उंच साहेब, मागे. तुम्ही तिथे उभे राहिलात तर धबधबा झाकून जाईल. वहिनी, त्यांच्याकडे सरका, लग्न झालंय ना तुमचं? मग सरका. रुग्णवाहिका, पोट आत."

"हे आतच आहे," गोल गृहस्थ म्हणाले.

सगळे हसले, आणि नेमक्या त्या हसण्यावर फोटोवाल्यांनी फोटो टिपला. वाऱ्यानं तुषारांचा पडदा बाजूला केलेला, मागे पांढरं पाणी, पुढे जन्मोजन्मीची ओळख असल्यासारखी माणसं. कैक वर्षांत इतका चांगला फोटो त्यांच्या हातून निघाला नव्हता. त्या आनंदात त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

नर्सबाईंनी डबे उघडले. "बसा ना आमच्यात," त्या म्हणाल्या आणि सरकून दगडावर जागा केली. ऊन पडलेली, कोरडी जागा. फोटोवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. बसावं असं फार वाटलं. पण त्यांची मंडळी पुढे गेलेली होती, हे याच बाईंना त्यांनी खाली सांगितलं होतं, आणि इथे तर ती दिसत नव्हती.

"नको," ते म्हणाले. "आमची मंडळी दुसऱ्या वाटेनं उतरली वाटतं. खाली वाट बघत असतील."

आणि नसलेल्या मित्रांना ताटकळत ठेवू नये म्हणून ते असलेल्या माणसांमधून निघून गेले.

उतार चढापेक्षा वाईट होता. अर्ध्यावर घळ जरा रुंद झाली, तिथे मोबाइलला रेंज आली. त्यांनी फोटो पाठवून दिला आणि कठड्यापाशी दम खात उभे राहिले. लगेच फोन वाजला. मुलगी खूश होती. मागे उंच आहेत ते बँकवाले ना? डाफरणाऱ्या कोणत्या हेही तिनं बरोबर ओळखलं. मग तिनं फोटो पुन्हा एकदा पाहिला.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

फोटोवाल्यांनी फोटो उघडून पाहिला. कडेला, जिथे ते उभे राहणार होते, तिथे नुसता खडक होता.

"मी काढत होतो ना," ते म्हणाले.

एवढ्यात नर्सबाईंचा घोळका वरून उतरत तिथे पोचला. बाईंचा आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. "अहो, सापडली का तुमची मंडळी?"

मुलीनं ते ऐकलं. फोटोवाले फोन कानाला धरून नुसते इकडेतिकडे बघतायत, हे पाहून बाईंनी नर्सच्या सवयीनं सूत्रं हातात घेतली. शेवटचं कोणाला पाहिलंत? पाय दुखणारं कोणी होतं का? फोटोवाल्यांच्या तोंडून नकळत निघालं, गुडघे. मग काय, रुग्णवाहिकावाले कठड्यावरून वाकले, हाताचा कर्णा केला आणि त्यांनी घळीत हाक घातली. पाठोपाठ एक्स-रेवाल्यांनी घातली. "ओ गुडघेऽऽ!" समोरच्या कड्यानं ती हाक विनातक्रार परत केली.

फोनमधून मुलीचा घाबरलेला आवाज आला. "बाबा, गुडघे हरवले? आत्ताच तर त्यांचं ऑपरेशन झालंय. पोलिसांना कळवा, बाबा. बाबा?"

इकडे ती अनोळखी माणसं एका माणसासाठी घसा फोडत होती, तिकडे मुलगी त्याच्यासाठी रडकुंडीला आली होती. आपल्यासाठी इतक्यांनी इतका जीव टाकल्याचं फोटोवाल्यांना आठवेना.

"थांबा," ते म्हणाले. फोन तसाच चालू होता. "कोणी नाहीये."

"नाहीये म्हणजे?" मुलगी म्हणाली.

"गुडघे नाहीत. बँकवाले नाहीत, डॉक्टरीणबाईही नाहीत. मीच आहे."

हाका बंद पडल्या. खोटं बोलणाऱ्यावर रागावता येतं. पण ज्यानं थापेत फक्त तीन मित्र मागून घेतले त्याच्यावर कसं रागावायचं, हे कोणालाच कळेना. रुग्णवाहिकावाले उगाच कठड्याचा दगड हलतोय का ते बघू लागले.

"मी तिकीट काढते, बाबा," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जड गेलं.

"काढ," फोटोवाले म्हणाले.

त्यानंतर सगळे एका ओळीत उतरू लागले. बाईंनी न विचारता फोटोवाल्यांना मधे घेतलं. खाली रस्ता होता, तिथे त्या माणसांची गाडी उभी असणार होती, आणि पलीकडे फोटोवाल्यांचा बसथांबा. तो रस्ता लवकर येऊ नये म्हणून फोटोवाले जमेल तितके सावकाश पावलं टाकत होते. आणि पुढची माणसं, यांचे पाय दुखत असतील असं समजून, प्रत्येक वळणावर त्यांच्यासाठी थांबत होती.