खुर्ची करकरायची थांबली

बसा रे मित्रांनो, बसा. जमिनीवर बसा, कट्ट्यावर बसा, माझ्यावर मात्र एकदम दोघं नको, माझा डावा पाय अधू आहे. एक गोष्ट सांगते. हसाल मधेमधे, हसा. शेवटाला हसू आलं तर मला विचारा.

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. घडीची. हात नसलेली. शाळा-बिळा आपल्याला माहीत नाही. माझं शिक्षण एकच, वजनाचं. माणूस टेकला की मला कळतं, हा दमलाय का भांडून आलाय का नुसता जेवून आलाय.

उल्हासनगर कॅम्प एकमधे एका पत्र्याच्या शेडमधे मला जोडली. शेठ स्वतः येऊन माझ्यावर तीनदा आपटून बसला, म्हणाला, "पक्का माल!" मग बदलापूरच्या बाळाजी मंडपवाल्याकडे दोनशे बहिणींबरोबर मी कामाला लागले. लग्नं बघितली, बारशी बघितली, दहावे बघितले. नवरदेवाचा मामा माझ्यावर बसून रुसला होता, त्याला उठवायला अर्धा तास लागला. काय रुबाब होता तेव्हा! मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि आम्ही भंगारात निघालो.

भंगारातनं मला उचलली महिपतीने. अंबरनाथच्या कारखान्यातला कामगार, राहायला विठ्ठलवाडीच्या चाळीत. बायकोला म्हणाला, "घे कौसा, तुझं सिंहासन."

कौसाबाई म्हणजे चांगली भरदार बाई. ती बसली की माझ्या डाव्या पायाच्या सांध्यातला रिव्हेट करकर वाजायचा. आणि नकला करायची काय! पाणी सोडणारा, गॅसवाला, स्वतःचा नवरा, कोणाला सोडायची नाही. संध्याकाळी मला दारात मांडून बसली की अख्खी चाळ गोळा. ती हसली की मीही करकरायचे. लोक म्हणायचे, कौसाबाईची खुर्चीपण हसते.

महिपती गेला. मुलगा राजू, सून अंजनी, दोघांनी कुळगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. छान फ्लॅट. पण तिथे दारं बंद असतात हो. कौसाबाईने पहिल्या दिवशी मला दारात मांडली. तासभर बसली. समोरच्या दारावर नुसती पाटी होती. मग मला आत घेतली.

अंजनी नर्स. दहा वर्षं सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं दिली, आणि आता रजा टाकून पुढचं शिकत होती, मनाच्या आजाराचं नर्सिंग, एम. एस्सी. पोरगी हुशार, मेहनती. सकाळी कॉलेज, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी वही. त्या वहीत पेशंटशी झालेलं बोलणं शब्दन् शब्द उतरवायचं असतं. एका रकान्यात पेशंट काय बोलला, दुसऱ्यात नर्स काय बोलली, तिसऱ्यात नर्सला काय वाटलं.

प्रश्न तोंडात बसायला पाहिजेत म्हणून तिने घरीच सराव काढला. दर गुरुवारी.

"आई, तुम्ही पेशंट व्हा."

"कुठला? येडा का शाना?"

"वेडा म्हणायचं नाही, आई. मार्क कापतात."

"मग मी शानीच होते. सोपं पडंल."

अंजनीने मला जरा तिरकी मांडली. समोरासमोर नाही, दाराची वाट अडवायची नाही, आणि स्वतः स्टुलावर, पेशंटपेक्षा उंच बसायचं नाही. असं शिकवलेलं तिला. मला बरं वाटलं. एवढ्या मानाने मला लग्नातही कुणी मांडली नव्हती.

पहिल्या गुरुवारी कौसाबाई झाली स्वतःला नगरसेविका समजणारी बाई. "सगळ्या नळांना दूध सोडते, बायांनो! भांडी लावा!" राजूला हसून ठसका लागला.

दुसऱ्या गुरुवारी अंजनी म्हणाली, "आज उदास झालेला पेशंट पाहिजे. कसं करायचं ते मी सांगते."

"नको सांगू," कौसाबाई म्हणाली. "येतं मला."

"झोप लागते का?"

"लागती. पहाटंची मोडती. मग पंख्याची पाती मोजत पडते. तीनच हायत. तरी परत मोजते."

"जेवण?"

"भात तोंडात घेतला का कापूस चावल्यावानी."

"कोणाशी बोलता दिवसभर?"

"लिफ्टमधी एक बाप्या भेटतो. त्यो मोबाईलशी बोलतो."

अंजनीने वहीत बघून पुढचा प्रश्न घेतला. "जीव द्यावा असं वाटतं का?"

"न्हाई बया. पर असून तरी कुनाचं काय अडलंय?"

आणि मग अंजनीने टाळी वाजवली. "आई! एक नंबर! आमच्या वर्गात एकीला असं जमत नाही." राजू म्हणाला, "आईला सिरियलमधे पाठवू." कौसाबाईपण हसली. पण मित्रांनो, हसणारा माणूस खुर्चीत हलतो. तिचं तोंड हसलं, पाठ हलली नाही.

मी काय करणार? लोखंड मी.

अंजनीने वहीच्या तिसऱ्या रकान्यात लिहिलं आणि मोठ्याने वाचलंही, "अभिनय उत्तम."

असे सात गुरुवार झाले. तीच पाती, तोच कापूस, तोच लिफ्टमधला माणूस. दर गुरुवारी कौसाबाई अंघोळ करून, केस विंचरून, अंजनीच्या आधीच येऊन माझ्यावर बसायची. आठवड्यातनं तेवढीच एक वाट बघायची. आणि दर गुरुवारी मला हलकी लागायची. तिच्या ब्लाउजला मागे सेफ्टी पिना आल्या. पदराखाली कुणाला दिसल्या नाहीत. माझ्या पाठीवर त्यांचे ओरखडे उठले.

चौथ्या का पाचव्या गुरुवारी माझी करकर बंद झाली.

"अरे वा, खुर्चीला तेल घातलं वाटतं राजूने," अंजनी म्हणाली.

कौसाबाई म्हणाली, "शानी झाली ती. गप बसायला शिकली."

त्यावरही हसले सगळे.

परीक्षा चार दिवसांवर आली, अंजनीला अभ्यासाची सुट्टी लागली. दुपारची वेळ. कौसाबाई आत आडवी झालेली, राजू रात्रपाळीची झोप काढून उठलेला, चहा पीत होता. अंजनी वही घेऊन आली आणि सहज माझ्यावर टेकली.

करकर!

ती दचकली. उठली, परत बसली. करकर.

"राजू, तू हिला तेल घातलं होतंस ना?"

"मी? शिलाई मशीनचं तेल चाळीतच राहिलं. कशाला?"

ती मांडीवरच्या वहीकडे बघत बसली. दोघींत कौसाबाई जाडी, हे घरात सगळ्यांना माहीत. मग तिला न वाजणारी खुर्ची हिला कशी वाजते? अंजनीला काय उमगलं ते मला वजनावरनं कळलं. एकदम जड झाली ती.

"आई, जरा बाहेर या. इथे बसा."

कौसाबाई पदर सावरत आली. "आज गुरवार न्हाई."

"बसा ना."

बसली. मी वाजले नाही. जीव तोडून बघितलं हो मी, एकदा तरी वाजावं म्हणून. नाही वाजले.

अंजनी खाली गुडघ्यांवर बसली. सासूचा हात हातात घेतला, बांगडी कोपरापर्यंत सरकली. पाठीवरनं हात फिरवला तर पिना लागल्या. एक, दोन, तीन, चार.

"आई, हे सगळं... खरं होतं?"

कौसाबाई जराशी हसली. "तू इचारत व्हतीस म्हून सांगत व्हते. दुसरं कोन इचारतं?"

"मग मी टाळ्या वाजवल्या तेव्हा का नाही बोललात?"

"म्हटलं असू दे. पोरीचा अभ्यास तर व्हतोय."

राजूच्या हातातला चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेली. गोळ्या सुरू झाल्या. आता झोप लागते, भाताला चव आलीय, पिनाही निघाल्या. अंजनी पास झाली, पहिल्या वर्गात. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं. लोक म्हणतात, चला, वेळेत कळलं.

कळलं खरं. पण निकालानंतरच्या गुरुवारी अंजनीने मला तशीच तिरकी मांडली. स्टूल घेतलं. वही घेतली नाही. म्हणाली, "आई, कशा आहात?"

"बरी हाय."

"झोप?"

"बरी हाय."

"अजून काय? सांगा ना."

कौसाबाईने इकडेतिकडे बघितलं. "वही कुठंय तुझी?"

"वही नाही आई. मी असंच विचारतेय."

"असंच?" कौसाबाई माझ्यावरनं उठली. "परीक्षा तर झाली की गं तुझी."

रागाने नाही बोलली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून ती माझ्यावर बसलेली नाही. नक्कलही केलेली नाही, कुणाचीच. अंजनी रोज विचारते, रोज एकच उत्तर येतं. सात गुरुवार जे दार उघडं होतं ते आता लागलं. ते पोरीने आत शिरायच्या आधीच टाळी वाजवून लावलं, आणि तिला ते माहीत आहे.

मी आता गॅलरीत असते. माझ्यावर ओल्या चादरी, राजूची पँट, इस्त्रीचे कपडे. पायाला गंज चढलाय. कधी कधी सुट्टीच्या दिवशी अंजनी येते, कपडे उचलून कठड्यावर टाकते आणि एकटीच बसते. मी करकरते. ती म्हणते, "वाज बाई, वाज." आणि आत वाकून बघते, आई उठून येते का.

पोराहो, गंजाचं मला काही नाही. लोखंड आहे, गंजणारच. तुमच्याही घरात कपड्यांखाली एखादी खुर्ची दबलेली असेल. आज घरी गेलात की तेवढे कपडे उचला. घरात सगळ्यांना हसवणारं जे कुणी असेल ना, आजी, काका, कोणीही, त्याला तिथे बसवा. जरा तिरकी मांडा, आणि विचारा. मग तो बोलायला लागला की, मला हात नाहीत, असते तर जोडले असते, टाळी तेवढी वाजवू नका.